शुगर तपासता, तशी चप्पलही तपासा

मा. संपादक,
स. न.

नोव्हेंबर आला की १४ तारखेच्या मधुमेह दिनाची शिबिरं सुरू होतात. आमच्या गंगाखेडलाही झालं. मांडव माझ्या टपरीच्या समोरच पडला होता, त्यामुळं हातातलं काम करता करता सगळं दिसत होतं. लोक रांगेनं आत जायचे, बोटाला सुई टोचून घ्यायचे, कागदावर आकडा लिहून घेऊन गोळ्यांच्या पाकिटासह बाहेर यायचे. मांडवात सतरंजी होती म्हणून चपला सगळ्यांनी दाराशीच काढलेल्या. डॉक्टर टेबलाच्या पलीकडं, पेशंट अलीकडं आणि पाय टेबलाखाली. मांडव उठेपर्यंत एकाचाही तळपाय कुणी उलटून पाहिलेला मला दिसला नाही.

मी गटई कामगार आहे. समाजकल्याणच्या योजनेतून मिळालेल्या पत्र्याच्या स्टॉलमध्ये बसतो. मला डॉक्टरकीतलं कळत नाही, चपलेतलं कळतं. पण त्या दिवशी दाराशी पडलेल्या चपलांवरूनच मी सांगू शकलो असतो की आतल्यांपैकी कुणाकुणाला आधी खाटेवर झोपवून पाय बघायला पाहिजेत. एका स्लीपरमध्ये अंगठ्यामागच्या गादीखाली बोट बुडेल एवढा खळगा पडला होता. माणूस सगळा भार तिथंच देतोय, तिथं घट्टा असणार, आणि घट्ट्याखाली काय शिजतंय ते वरून दिसत नाही. दुसरीच्या पांढऱ्या तळावर पिवळसर तांबूस डाग. तिसरीचा अंगठ्याचा पट्टा तुटलेला आणि त्याला खालून सेफ्टी पिन अडकवलेली. चौथीत बाभळीचा काटा मोडून बसला होता आणि त्याचं टोक वरून हाताला लागत होतं. ज्याच्या पायाला कळतं तो अशी चप्पल दहा पावलंही घालणार नाही. घालून फिरतोय याचाच अर्थ त्याला कळत नाही.

हे मला ठाऊक आहे कारण माझं अर्धं शिक्षण वडिलांच्या ऐरणीवर झालं आणि अर्धं विदर्भातल्या एका कुष्ठधामाच्या चप्पल विभागात. कुष्ठरोगात नसा जातात आणि पाय बधिर होतो. पूर्वी लोकांना वाटायचं की रोगानंच बोटं झडतात. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड म्हणून सर्जन होते. त्यांनी दाखवून दिलं की बोटं जातात ती दुखणं कळत नाही म्हणून. काटा, चटका, चावणारा बूट, काहीच कळत नाही, माणूस त्याच पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. मग दक्षिणेतल्या त्या दवाखान्यांतून मऊ रबराच्या चपलेचं काम पुढं आलं. तेच एमसीआर, मायक्रोसेल्युलर रबर. पुढं १९६६ मध्ये हे डॉक्टर अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथं हाच धडा शुगरच्या पायांना लावला गेला. कारण शुगरही वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा खाते. रोग दोन, पण बधिर पाय एकच, आणि त्याला लागणारी चप्पलही एकच. जगानं हे आपल्याकडं शिकून घेतलं आणि आपल्या तालुक्यात मात्र अजून पोचलं नाही, याची मला जास्त चीड येते.

गिऱ्हाइकांकडून जे ऐकतो ते साधारण असं असतं. सुरुवातीला पायाची आग होते, रात्री मुंग्या येतात, पांघरूणही सहन होत नाही. नंतर हळूहळू ते थांबतं. माणूस खूश होतो, “आता पाय शांत झाले बघा” म्हणतो. ते शांत होणंच वाईट. घाम येणं बंद होतं, कातडं कोरडं पडतं, टाचेला भेगा पडतात. पंजातले बारीक स्नायू वाळतात आणि बोटं आकडतात, मग आकडलेल्या बोटांचा वरचा भाग पट्ट्याला घासतो आणि खालचा सगळा भार पंजाच्या गादीवर येतो. अंगठ्यात पकडायची स्लीपर असली की ती मध्येच पायातून गळून पडते. एक मावशी मला म्हणाल्या होत्या, “घरी जाऊन पाय धुवायला बसले तवा कळलं, एक चप्पल बाजारातच राहिली.” सगळे हसले, मी नाही हसलो. बधिर पायाची याहून सोपी खूण नाही.

आणखी एका काकांचं सांगतो. शेतकरी, दुसलगावच्या रस्त्यानं येतात, तूर आणि सोयाबीन करतात. पट्टा शिवायला चप्पल टाकली. हातात घेतली तर आतून ओली लागली. उलटी केली तर टाचेजवळ एक चूक, म्हणजे बारीक खिळा, तळातून वर आलेली, तिच्याभोवती काळं पडलेलं. “काका, पाय दाखवा.” दाखवला. टाचेत भोक, कडा पांढऱ्या पडलेल्या. “कधी लागलं?” “काय की, मला तर काहीच नाही दुखत.” काकांना तसंच रिक्षात बसवून पाठवलं. सुदैवानं हाडाला लागलं नव्हतं, पाय वाचला, पण गव्हाची पेरणी पोरालाच करावी लागली.

ती चूक कुणी ठोकली होती? आमच्यातल्याच कुणीतरी. सोल सुटला की चार चुका ठोकायच्या, दहा-वीस रुपये घ्यायचे, हा आमचा रोजचा धंदा. म्हणून माझ्या गटई बांधवांना या पत्रातून सांगतो की गिऱ्हाईक बसलं की आधी विचारा, “शुगर आहे का?” आहे म्हटलं तर त्या चपलेला चूक नाही, खिळा नाही. टाका घाला किंवा सोल्युशननं चिकटवा आणि टाक्याची गाठ तळाच्या बाहेर ठेवा. कुष्ठधामात पहिल्याच दिवशी आमच्या हातातून चुकांचा डबा काढून घेतला होता, आणि तोच नियम मी शुगरच्या चपलेला पाळतो.

आता दुकानातल्या ‘डायबेटिक’ चपलांविषयी. नावावर जाऊ नका. मऊ लागली म्हणजे चांगली, असं नसतं. साधा स्पंज पहिल्या दिवशी लोण्यासारखा लागतो आणि महिन्यात चपटा होतो, मग पाय थेट जमिनीवरच. एमसीआरमध्ये बारीक बारीक बंद कप्पे असतात, दाबलं की दबतं आणि सोडलं की परत वर येतं. चिमटीत धरून दाबून बघा, साधारण निम्मं दबलं पाहिजे आणि लगेच उठलं पाहिजे. दबतच नसेल तर ते कडक, दबून तसंच राहत असेल तर ते मेलेलं. त्याच्याखाली मात्र कडक रबराचा सोल पाहिजेच, नाहीतर आपल्याकडच्या बाभळीचा काटा आणि तुरीचं धसकट एका पावलात वर येतं. मागं टाचेला पट्टा हवा, पुढं रुंद पट्टा, तोही वेल्क्रोचा, म्हणजे संध्याकाळी पाय सुजला तर सैल करता येतो. अंगठ्याची पकड नको. आणि त्या गोट्या-काट्यांच्या अॅक्युप्रेशर चपला जत्रेत विकतात ना, शुगरवाल्यांना खास म्हणून? ज्याच्या पायाला कळतं त्यानं हौसेनं घालाव्यात. बधिर पायाखाली दिवसभर गोट्या ठेवणं म्हणजे जखमेला आमंत्रण आहे.

माप संध्याकाळी घ्या, उभं राहून. वर्तमानपत्राच्या कागदावर दोन्ही पाय आखा, कापा आणि तो कागद चपलेत घालून बघा. कडेला दुमडला तर चप्पल अरुंद आहे. सगळ्यात लांब बोटापुढं एक बोटभर जागा राहिली पाहिजे. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्याचं माप धरा. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घाला आणि काढून पाय बघा. कुठं लाल झालं असेल आणि अर्ध्या तासानंही ते गेलं नसेल तर चूक चपलेची आहे. “सवय होईल” असं म्हणणारा दुकानदार पायाचा वैरी समजा. बूट घालणार असाल तर आत हात फिरवल्याशिवाय पाय घालू नका. विंचवासाठी आपण झाडतोच, खड्यासाठीही झाडा. मोजे सुती आणि सैल, वळ उठेल इतकं इलास्टिक नको. वर्ष झालं की, रोजची चाल जास्त असेल तर सहा महिन्यांतच, चप्पल बदला, वरून धड दिसली तरी आतलं रबर मेलेलं असतं.

शहरातले डॉक्टर बंद बूटच घाला म्हणतात. बरोबर आहे, बोटं झाकलेली केव्हाही चांगली. पण मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ वर जातो तेव्हा शेतातला माणूस बंद बूट घालणार नाही, आणि काळ्या मातीच्या चिखलात त्या बुटाचं वजन पायापेक्षा जास्त होतं. घालता येणार नाही असा सल्ला दिला की माणूस परत जुन्या स्लीपरवर जातो. म्हणून मी पुढून बोटांना अर्धी झाकण असलेली सँडल बनवतो. ओल्या रानात मात्र गमबूटच, आत सुती मोजा, आणि घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. बेचकीत ओल राहिली की चिखल्या होतात आणि तिथूनच जंतू शिरून पू होतो. खोबरेल लावा, टाचेला भरपूर लावा, पण बेचकीत नको.

आता आपल्या काही सवयींबद्दल बोलतो, रागावू नका. काटा मोडला की बिब्ब्याचा चटका द्यायचा आणि भेगांत बिब्बा भरायचा, हे आमच्या आजीपासून चालत आलं आहे. चांगल्या पायाला चटका सोसवत नाही म्हणून हात आवरतो. बधिर पायाला सोसायचं काही नसतं, म्हणून हात आवरत नाही आणि मग टाचभर फोड. गरम पाण्याचंही तेच. पाय दुखतात म्हणून सूनबाई पाणी तापवून देते, सासरे आत पाय घालून बसतात, त्यांना काहीच वाटत नाही आणि कातडी सुटते. पाणी आधी कोपरानं बघावं, किंवा ज्याला शुगर नाही त्यानं हात घालून. कुरूप घालवायची औषधी पट्टी मिळते, ती कातडं जाळते, कुरूप आणि चांगलं कातडं यात तिला फरक कळत नाही. दाढीच्या पत्तीनं घट्टा काढून दे म्हणून माझ्याकडंच लोक पाय पुढं करतात. मी काढत नाही. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. बायांना एक सांगणं, बोट सुजलं की जोडवी रुतते. एका आजींची कापून काढली तेव्हा खाली जखम होती आणि आजी म्हणत होत्या, “सौभाग्याची हाय, काढू नगं.” मी म्हटलं, आजी, सौभाग्य बोटावरच राहू द्यायचं तर बोट तर राहिलं पाहिजे.

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणारे आणि कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. आषाढी वारीसाठी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आमच्या गंगाखेडवरून परळीकडं जाते, तेव्हा मी रात्रभर वारकऱ्यांच्या वहाणा शिवत बसतो. श्रद्धेवर मी काही बोलणार नाही. पण दुपारचं डांबर आणि देवळापुढची तापलेली फरशी भक्त ओळखत नाही. पाय बधिर असलेल्यांनी नवस दुसरा बोलावा. देवीला चालतं, मी पुजाऱ्यांना विचारलेलं आहे.

बधिर आहे की नाही हे घरीच कसं बघायचं, ते आमच्याकडं चिठ्ठी देऊन पेशंट पाठवणाऱ्या एका डॉक्टर मॅडमनी मला शिकवलं. पेशंटनं डोळे मिटायचे. घरातल्या कुणीतरी दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा बोटांच्या टोकांना आपल्या बोटानं एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. कळलं की पेशंटनं सांगायचं, उजवा की डावा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय बधिर व्हायला लागला आहे असं समजून दवाखाना गाठायचा. तिथं नायलॉनच्या दोऱ्यानं नीट तपासतात, दहा ग्रॅमचा दोरा म्हणतात त्याला. घोट्याजवळची आणि पंजावरची नाडीही बघतात, कारण नुसत्या नसा नाही, रक्तही कमी झालेलं असू शकतं. याला ना यंत्र लागतं ना वीज. शिबिरात सुईसाठी रांग लागते, तिथंच शेजारी एक खाट आणि एक दोरा ठेवायला काय हरकत आहे?

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमात पाय बधिर झालेल्याला सरकारकडून एमसीआर चप्पल फुकट मिळते, वर्षाला दोन जोड. चांगली गोष्ट आहे, मीही त्या चपला बनवलेल्या आहेत. त्याच आरोग्य खात्याचा शुगर-बीपीचाही कार्यक्रम आहे, २०१० पासून. एनसीडी, म्हणजे संसर्गानं न पसरणाऱ्या आजारांचं, क्लिनिक म्हणतात, जिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयात असतं. तिथं गोळी मिळते, पण बधिर पाय घेऊन आलेल्याला चप्पल मिळत नाही. कुष्ठरोगाचा कागद एका खोलीत, शुगरचा कागद शेजारच्या खोलीत, आणि पाय दोघांचेही तसेच. पुढं पाय कापायची वेळ आली की ऑपरेशनला सरकारी योजनेचं कार्ड चालतं. चपलेला चालत नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीचे आकडे आले, देशात दहा कोटींहून जास्त लोकांना शुगर आहे. सगळ्यांना चप्पल द्या असं मी म्हणत नाही. ज्यांचा पाय त्या दोऱ्याच्या परीक्षेत नापास झाला, ज्यांना आधी एकदा जखम होऊन गेली, तेवढ्यांना द्या. माझ्याकडं एक जोड सातशे ते नऊशे रुपयांत बसतो. कापूस वेचणाऱ्या बाईला तो परवडत नाही, हे मला माझ्या उधारीच्या वहीवरून माहीत आहे.

यात एक अडचण आहे, तीही सांगून टाकतो. ती काळी एमसीआर चप्पल पाहिली की लोक ओळखतात. एका निवृत्त मास्तरांना मी बनवून दिली तर दुसऱ्या दिवशी परत आणली. म्हणाले, “ही त्या रोगाची चप्पल आहे, शाळेतली पोरं माझ्या पायाकडं बघतील.” कुष्ठरोगाचा कलंक हा असा चपलेवरही बसलेला आहे. त्या रोग्यांनी तो वर्षानुवर्षं सोसला, आणि खरं तर त्यांच्यासाठीही चप्पल वेगळी दिसणारी नकोच होती. मी मास्तरांचं तेच रबर घेतलं, वरून तपकिरी चामडं लावलं, कडेनं शिलाई मारली. आता ते लग्नातही घालून जातात. तेव्हा सरकारनं चपला द्यायच्याच तर एका साच्यातल्या, एका रंगाच्या ट्रकभर पाठवू नयेत. त्या घरात खुंटीला लटकतील.

त्यापेक्षा हे करा. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ १९७४ पासून आहे. आम्हाला कर्ज देतं. प्रत्येक तालुक्यातले चार-पाच तरुण गटई कामगार निवडून त्यांना एमसीआरचं काम शिकवा. माप घेणं, खळग्याच्या जागी रबर कोरून भार कमी करणं, पट्टा कुठं बसवायचा, हे काही महिन्यांत येतं, हातात आरी-रापी आधीच असते. आरोग्य खात्यानं रबराची शीट पुरवावी. डॉक्टरनं चिठ्ठीवर गोळीखाली चप्पल लिहावी आणि तालुक्यातल्याच कारागिरानं ती बनवावी. बिघडली तर दुरुस्तीही तिथंच. कारखान्याच्या बुटांनी आमचा धंदा बसवलाच आहे, माझा पोरगा पुण्याला डिलिव्हरी करतो. त्याला हे काम मिळालं तर तो परत येईल की नाही हे त्याचं त्यानं ठरवावं, पण निदान विचारता तरी येईल.

आमच्या ग्रामीण रुग्णालयात शुगरच्या ओपीडीच्या दिवशी कागद, पेन्सिल आणि फर्मे घेऊन बसायची माझी आजच तयारी आहे. एक बाकडं आणि बरा उजेड एवढंच लागेल. शीट सरकारची, मजुरी मात्र मी घेणार. फुकट करणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आपला,
एक गटई कामगार
गंगाखेड, जि. परभणी